केलेला गृहपाठ जातो कुठे?

महाराष्ट्राचा नकाशा दप्तराच्या अगदी तळाशी सापडला. ३६ जिल्हे, प्रत्येकाच्या कडेने काळ्या पेनाची रेघ, आत रंगीत पेन्सिल. सिंधुदुर्ग तेवढा दोनदा गिरवलेला, कारण गाव कणकवलीच्या पुढे. एका कोपऱ्याला डब्यातल्या भाजीचं तेल लागून कागद आरपार दिसायला लागला होता. नकाशा द्यायची तारीख उलटून अकरा दिवस झाले होते आणि त्याच नकाशापायी बाबू दोन तासिका वर्गाबाहेर उभा राहिला होता.

मी म्हटलं, "अरे, हा तर झालाय. मग दिला का नाहीस?"

त्याने नकाशा हातात घेतला, उलटा करून पाठची बाजू बघितली, पुन्हा सुलटा केला. "हा दप्तरातच होता?"

तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की नकाशा घरी राहिला. बाईंना वाटत होतं की केलाच नाही. आईला वाटत होतं की केव्हाच देऊन झाला. तिघांच्या तीन समजुती, आणि कागद मात्र डब्याखाली.

मी मुंबईतल्या दोन मराठी शाळांत समुपदेशक म्हणून जाते. हे प्रकरण परळ भागातल्या शाळेतलं, २०२४-२५ या वर्षाचं. मुलगा सहावीत, दुपारच्या अधिवेशनात. आजी त्याला बाबू म्हणते, म्हणून मीही इथे बाबूच म्हणते. घरच्यांना विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदलले आहेत.

चिठ्ठीतला 'कधीच'

जुलैच्या शेवटी वर्गशिक्षिका बाईंनी त्याला माझ्याकडे पाठवलं. सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ होती: 'हुशार आहे पण निष्काळजी. गृहपाठ कधीच नसतो.' त्यातल्या 'कधीच' या शब्दावर मी त्याच दिवशी बोट ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही. इतक्या वर्षांत इतक्या चिठ्ठ्या वाचल्या की 'कधीच' आणि 'नेहमी' हे शब्द डोळ्यांखालून नुसते जातात.

घर काळाचौकीच्या एका जुन्या चाळीत, दहा बाय बाराची खोली आणि वर पोटमाळा. आजोबा गिरणीत होते, खोली त्यांच्या वेळची. वडील लोकलवर गार्ड. २०२२ पासून रेल्वेने या पदाचं नाव 'ट्रेन मॅनेजर' केलं आहे, पण घरात आणि चाळीत अजून गार्डच. ड्युटी कधी पहाटेची, कधी रात्रीची. आई दादरच्या एका पतपेढीत, घरी यायला साडेसात. दिवसभर आजी.

डोळे तपासून घेतले, नंबर नव्हता. कान ठीक. वाचन वयाला साजेसं, अक्षर वाईट पण लागणारं. गृहपाठाचा ढीगही फार नव्हता. केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणात सहावी ते आठवीसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तासाचा गृहपाठ सांगितला आहे, बाई साधारण तेवढाच देत होत्या.

माझी डायरी कणकवलीला राहिली

मग मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. छान कव्हरची डायरी आणली. रोजचा गृहपाठ त्यात लिहायचा, शाळा सुटताना बाईंची सही, रात्री आईची सही, आठवडाभर सगळ्या सह्या असल्या तर शनिवारी एक तारा. पाच तारे झाले की वडील कॅरमचा नवा स्ट्रायकर घेऊन देणार.

आठ दिवस डायरी झकास चालली. नवव्या दिवशी बाई रजेवर, सही नाही. दहाव्या दिवशी आईने कामाच्या गडबडीत दोन दिवसांच्या सह्या एकदम केल्या. मग ७ सप्टेंबरला गणपती आले, सगळं कुटुंब गावाला गेलं, डायरी अभ्यासासाठी म्हणून सोबत नेली आणि ती तिथेच माळ्यावर राहिली. बाबूने मला येऊन सांगितलं तेव्हा तो घाबरला होता, आणि मी मनातल्या मनात स्वतःवरच चिडले होते. वस्तू विसरणाऱ्या मुलाच्या हातात मी आणखी एक वस्तू दिली होती. वर दोन मोठ्या माणसांच्या सह्या लावून त्यांच्या विसरण्याचीही सोय करून ठेवली होती.

डायरी वाईट नसते. ज्या मुलाचं घोडं गृहपाठ उतरवून घेण्यापाशी अडतं त्याला तिचा उपयोग होतो. पण बाबूचं कुठे अडतं हे मी बघितलंच नव्हतं.

मोजणी

अनंत चतुर्दशीनंतर तीन आठवडे मी उपाय करणं थांबवलं आणि नुसतं मोजत बसले. गृहपाठ म्हणजे एक काम, असं आपण म्हणतो. मुलाच्या बाजूने बघा: बाईंनी सांगितलेलं कानावर पडायला हवं, ते कुठेतरी लिहायला हवं, नेमकी वही आणि पुस्तक घरी जायला हवं, घरी ते आठवून बाहेर निघायला हवं, मग प्रत्यक्ष लिहिणं, मग वही परत दप्तरात, आणि दुसऱ्या दिवशी योग्य वेळी बाईंच्या टेबलावर. म्हणजे सात टप्पे. आपण ओरडतो ते पाचव्यासाठी.

बाईंकडून मी रोज दिलेल्या गृहपाठाची नोंद घेतली. बाबूला दिवसाआड बोलावून आम्ही दोघांनी मिळून दप्तर उपसलं. शिक्षा म्हणून नाही, कॅरमच्या बोर्डावर सोंगट्या मांडतात तसं सगळं बाकावर मांडायचं: पेन्सिलींची चार थोटकं, डब्याचे दोन चमचे (आजी चमचे हरवल्याचं महिनाभर म्हणत होती), सार्वजनिक गणपतीची वर्गणीची पावती, आधीच्या चाचणीची सही न झालेली उत्तरपत्रिका आणि तो नकाशा.

तीन आठवड्यांत २२ गृहपाठ दिले गेले. बाईंपर्यंत पोचले ७. उरलेल्या १५ पैकी ६ कुठेच लिहिलेले नव्हते, २ लिहिलेले पण केलेले नव्हते. आणि ७ गृहपाठ पूर्ण केलेले होते, फक्त दिलेले नव्हते. त्यातले काही दप्तरात चुकीच्या वहीत होते, काही घरी.

हे आकडे बाईंना दाखवले तेव्हा त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. "म्हणजे अर्ध्याहून जास्त करतोय तो?" २२ पैकी १४. 'कधीच नसतो'चा हिशेब असा निघाला.

केलेलं काम पोचत नाही यात मुलाचं किती नुकसान होतं, ते आपल्या लक्षात येत नाही. न करता ओरडा खाल्ला तर निदान हिशेब जुळतो. करूनही ओरडाच मिळत असेल, तर करण्यात अर्थ काय, असं बाराव्या वर्षी कुणालाही वाटेल. बाबूला अजून तसं वाटायला लागलं नव्हतं, हे आमचं नशीब.

आजीचं म्हणणं

एका गुरुवारी सकाळी घरी गेले. वडील रात्रपाळी करून आले होते आणि पडदा लावून झोपले होते. आम्ही गॅलरीत बसलो. बाबू सकाळचा अभ्यास कुठे करतो, असं मी विचारलं, तर आजीने हाताने दाखवलं: वडील झोपलेले असले की गॅलरीत, पाऊस असला की शेजारच्या काकूंकडे, वडील ड्युटीवर असले की खोलीत, पण रात्री साडेनऊला गाद्या अंथरल्या की दप्तर मोरीच्या कठड्यावर, आणि वह्या फ्रिजवर किंवा पोटमाळ्याच्या जिन्यात.

"तो इसरणा नाय गो बाय," आजी म्हणाली, "तेका ठेवूक जागाच नाय."

माझ्या तीन आठवड्यांच्या मोजणीतून मला जे धड सांगता येत नव्हतं ते तिने एका वाक्यात सांगितलं. त्या खोलीत प्रत्येक वस्तू दिवसातून तीनदा जागा बदलते, कारण तीच खोली सकाळी झोपायची, दुपारी स्वयंपाकाची, रात्री पुन्हा झोपायची. वहीला पत्ताच नव्हता. अभ्यासाचं वेगळं टेबल, शांत कोपरा, ठरलेली जागा असे सल्ले लिहिणाऱ्यांनी एकदा काळाचौकीला येऊन रात्री दहा वाजता ती खोली बघावी.

उठताना शेजारच्या काकूंनी हाक मारली आणि एक वही आणून दिली. मराठीची. "परवापासून माझ्याकडे पडलीय, म्हटलं मागायला येईल." आत निबंध पूर्ण होता.

माझी नोंद

कुठेच न लिहिलेल्या सहा गृहपाठांपैकी दोन नंतर सापडले, आणि ते सापडले ते पुस्तकात. तेव्हा दुसरी ते आठवीची पाठ्यपुस्तकं चार भागांत होती आणि धड्यांनंतर 'माझी नोंद' अशा मथळ्याची कोरी पानं होती. दप्तराचं ओझं कमी करायला २०२३-२४ पासून ही योजना आली होती, २०२५-२६ पासून ती पानं बंद झाली. बाबूने एका पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक लिहून ठेवलं होतं: 'प्र. ३ उद्या'. कुठला विषय, कुठला उद्या, काही नाही. जे पान समोर उघडं होतं त्यावर त्याने लिहिलं, आणि पुस्तक मिटलं तशी नोंदही मिटली.

उरले चार. चारही गणिताचे. अपूर्णांक.

इथे मला थांबावं लागलं. विसरभोळा म्हणून आलेल्या मुलाचं प्रत्येक न झालेलं काम आपण विसरण्याच्या खात्यावर टाकतो, आणि मुलंही हे पटकन शिकतात. त्याला मी सरळच विचारलं, की ही चार गणितं विसरलास की नको वाटली. तो टेबलाच्या कडेवरचा रंग खरवडत राहिला. मग म्हणाला, "जमत नाही म्हटलं की बाई फळ्यावर बोलावतात. विसरलो म्हटलं की नुसत्या ओरडतात."

'विसरलो' हा त्याच्यासाठी स्वस्तातला शब्द होता. त्याने तो फक्त गणितासाठी वापरला, बाकी अकरा ठिकाणी तो खरंच विसरला होता किंवा वस्तूच जागेवर नव्हती. पण ती चार गणितं वेगळी काढली नसती तर मी अपूर्णांकांवरही विसरण्याचाच उपाय करत बसले असते. गणितासाठी बाईंशी वेगळं बोलले. त्यांनी त्याला दहाऐवजी पाच उदाहरणं द्यायचं आणि फळ्यावर बोलवायच्या आधी जागेवर बघायचं कबूल केलं. गणिताबद्दल इथे आणखी लिहीत नाही, तो निराळा विषय.

दोन बेल

दिवाळीच्या सुट्टीआधी आई, वडील आणि बाबू असे तिघे मला भेटले. वडील नाखूष होते. समुपदेशकाकडे बोलावणं आलं म्हणजे पोरात काहीतरी खोट काढणार, या तयारीने आले होते. बोलणं सुरू करावं म्हणून मी म्हटलं, इतकी स्टेशनं, इतके थांबे, तुम्ही लक्षात कसं ठेवता?

"लक्षात ठेवायच्या भरवशावर गाडी चालत नाही, मॅडम," ते म्हणाले. "मी दोन बेल देतो. मोटरमन दोन बेल परत देतो. मग गाडी हलते. परत आली नाही तर नाही हलत. एक बेल म्हणजे थांब."

बाबू हसला. घरात वडिलांची ही बेल तो लहानपणापासून खेळत आला होता.

आम्ही जे ठरवलं त्यातलं निम्मं त्या सहा वाक्यांतून आलं. मोठी माणसं मुलाला आठवण करून देतात तेव्हा ती एकतर्फी असते. 'वही घेतलीस का रे?' 'हो.' त्या 'हो'ला काहीच किंमत नसते. बेल परत यावी लागते, आणि ती तोंडाने नाही, हाताने.

शाळा सुटायच्या आधी शेजारी बसणारा मित्र बाकावर दोनदा टकटक करणार. बाबूने फाईल उघडून आजचा गृहपाठ लिहिलेला दाखवायचा आणि दोनदा परत वाजवायचं. शाळेला निघताना आजी दाराची कडी दोनदा वाजवणार. बाबूने दप्तरातल्या फाईलवर हात ठेवायचा आणि कडी वाजवायची. ना प्रश्न, ना 'विसरलास का', ना कालचा उद्धार. आजीला हा शेवटचा भाग जड गेला.

फाईल म्हणजे बटणाची लाल प्लास्टिकची फाईल, लाँगबुक मावेल एवढी मोठी. गृहपाठ कुठल्याही विषयाचा असो, वहीत असो की सुट्या कागदावर, त्या रात्रीचं सगळं त्या एका फाईलमध्ये. आतल्या बाजूला एक कागद चिकटवला, गृहपाठ तिथेच लिहायचा. डायरी, माझी नोंद, हातावर पेनाने लिहिणं, सगळं बंद. आणि दारामागे, चपलांच्या स्टँडच्या वर, वडिलांनी दप्तरासाठी एक खुंटी ठोकली. गाद्या अंथरल्या तरी ती जागा हलत नाही, हेच तिचं महत्त्व. वर त्यांनी स्केचपेनने 'यार्ड' असं लिहिलं. माझ्या कुठल्याही ताऱ्यापेक्षा त्या शब्दाने जास्त काम केलं असावं.

अभ्यासाला बसायची वेळ ठरवली नाही. आई रोज फोनवरून 'साडेसहाला बस हां' असं सांगत होती आणि साडेसहा त्याच्या लेखी येऊन निघून जात होते. पुढे करायचं काम वेळेवर आठवणं, ही स्मरणाची वेगळी तऱ्हा आहे, पाढे आठवण्यासारखी नाही. मार्क मॅकडॅनिअल आणि जी. ओ. आइनस्टाइन (हे आइनस्टाइन वेगळे) या मानसशास्त्रज्ञांनी १९९०मध्ये त्यात दोन प्रकार केले: घड्याळाच्या ठोक्यावर आठवायचं काम, आणि एखादी गोष्ट घडली की आठवायचं काम. घड्याळाच्या कामात खूण आपली आपल्यालाच आतून काढावी लागते, घटनेच्या कामात ती बाहेरून समोर येते. बाबूच्या घरी रोज न चुकता घडणारी गोष्ट एकच होती: दिवेलागणीला आजी देवापुढे दिवा लावते. म्हणून वाक्य असं ठरलं: 'आजीने दिवा लावला की मी खुंटीवरची फाईल काढतो.' असं 'जर-तर'च्या साच्यात ठरवलेलं काम नुसत्या निश्चयापेक्षा जास्त पार पडतं, हे पीटर गोलवित्झर यांनी १९९९मध्ये मांडलेलं आहे. बाबूने वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहिलं. त्यात 'फाईल' चुकीचं लिहिलं, मी दुरुस्त केलं नाही.

शाळेच्या बाजूचं अवघड होतं. "मॅडम, चोपन्न मुलं आहेत माझ्या वर्गात," बाई म्हणाल्या. "एकेकाच्या दप्तरात डोकं घालत बसले तर शिकवू कधी?" यात खोटं काही नव्हतं. मी दोनच गोष्टी मागितल्या. गृहपाठ घंटा झाल्यावर नाही, शेवटच्या तासाच्या सुरुवातीला सांगायचा आणि फळ्याच्या कोपऱ्यात तसाच ठेवायचा. घंटा झाल्यावर मुलाच्या डोक्यात बाटली, कंपास, दप्तराची चेन आणि बाहेरून हाका मारणारा मित्र असतो. एका वेळी मनात धरता येणाऱ्या गोष्टी चारेकच असतात, असं नेल्सन कोवन यांनी २००१मध्ये मांडलं, आणि ते चारही बाक आधीच भरलेले असतात. दुसरी गोष्ट म्हणजे वर्गाच्या दाराशी एक खोका. आत येतानाच गृहपाठाची वही त्यात टाकायची, मॉनिटरने तासाच्या मध्येच 'वह्या द्या रे' म्हणून गोळा करायच्या नाहीत. खोका बाईंना पहिल्या दिवसापासून आवडला, कारण त्यांची दहा मिनिटं वाचली. तो अजून आहे. फळ्याचा कोपरा मात्र महिन्याभरात पुन्हा पुसला जायला लागला.

आईने हात बांधले, आजीने सोडले

वर्गाचा पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. रात्री नऊनंतर त्यावर 'आज भूगोलाचं काय आहे?' सुरू व्हायचं, कुणीतरी वहीचा फोटो टाकायचं, आणि आई बाबूला उठवून बसवायची. बाबूने गृहपाठ लिहून आणायची गरजच उरली नव्हती. त्याची डायरी आईच्या फोनमध्ये होती. मी आईला ग्रुप म्यूट करून फक्त शनिवारी बघायला सांगितलं.

"म्हणजे मला माहीत असेल तरी सांगायचं नाही?"

"माहीतच करून घ्यायचं नाही."

"तुम्ही मला हात बांधून बसायला सांगताय, ताई." आत्तापर्यंत मी मॅडम होते. रडवेली झाली की ती ताई म्हणायची.

राहिलेली वही शाळेत नेऊन द्यायची नाही, हेही ठरलं. आईने पाळलं. तिसऱ्याच दिवशी आजी जिना उतरून, भर उन्हात शाळेच्या फाटकाशी विज्ञानाची वही घेऊन उभी. मी दिसले तर पदराखाली लपवायला गेली. काय बोलणार? मी वही घेतली आणि बाबूला दिली.

योजना खरी सुरू व्हायला नोव्हेंबरचा शेवट उजाडला. २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं, बाई निवडणुकीच्या कामाला, शाळेत मतदान केंद्र. अशा आठवड्यात नवीन सवय लावायला जाऊ नये.

डिसेंबरच्या तीन आठवड्यांत पुन्हा मोजलं. २३ गृहपाठांपैकी १७ वेळेवर पोचले. राहिलेल्या सहातले तीन गणिताचे. एक वही पुन्हा शेजारच्या काकूंकडे. उरलेले दोन एकाच आठवड्यातले, आजी चार दिवस विरारला लेकीकडे गेली होती तेव्हाचे. दिवा लागला नाही, कडी वाजली नाही, फाईल खुंटीवरून उतरली नाही. म्हणजे आम्ही बाबूची सवय लावली नव्हती, आजीची लावली होती. जानेवारीपासून आजीला सांगितलं की कडी दिवसाआड वाजवा, मग आठवड्यातून दोनदा. मित्राच्या टकटकीचंही तसंच. पहिले दहा दिवस घसरगुंडी झाली, आईचे फोन आले. मग एके दिवशी आजीने सांगितलं की कडी तिने वाजवली नव्हती, तरी वाजली. निघताना त्याने स्वतःच दोनदा वाजवली आणि फाईल चाचपली.

फॉर्म अजून माझ्या कपाटात

लक्ष न टिकण्याच्या विकाराची (एडीएचडी) शंका मला पहिल्यापासून होती, आणि ती पूर्ण गेली असं म्हणणार नाही. डीएसएम-५मध्ये, म्हणजे मनोविकारांच्या निदानासाठी वापरतात त्या अमेरिकी पुस्तकात, लक्ष न टिकण्याची नऊ लक्षणं आहेत; त्यांपैकी किमान सहा, सहा महिने तरी, दिसावी लागतात, त्यांतली काही घर-शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी, आणि काही बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. रोजच्या गोष्टी विसरणं आणि लागणाऱ्या वस्तू हरवणं ही त्या नवातली दोन. बाबूचे वडील म्हणाले, "हार्बरचं सगळं टाइमटेबल तोंडपाठ आहे त्याला, कसला विकार?" हे सगळे पालक म्हणतात, आणि त्यावरून काही ठरत नाही. आवडीच्या गोष्टीत लक्ष लागणं हे विकार नसल्याचं प्रमाण नव्हे.

बाईंचा आणि आईचा असे दोन फॉर्म भरून घेतले. शाळेतली लक्षणं चार निघाली, घरातली तीन. उंबऱ्याच्या खालीच. त्याच आधारे वाट बघायचं ठरवलं. मुंबईत शीव, नायर, केईएम या पालिकेच्या रुग्णालयांत अशा मुलांची तपासणी होते, हे मी आईला सांगून ठेवलं आहे. गणिताची अडचण सातवीतही अशीच राहिली तर तिच्यासाठी तरी जायला हवं, असं माझं मत होतं. वडिलांना ते पटलं नव्हतं. "बघू," एवढंच.

मार्चमध्ये फाईलचं बटण तुटलं. बाबूने तिला रबर लावलं, ते दोनदा तुटलं, शेवटी आजीने पोत्याच्या दाभणाने नाडी ओवून दिली. जूनमध्ये तो सातवीत जाणार होता, तुकडी बदलणार होती, बाकावर टकटक करणारा मित्र दुसऱ्या वर्गात जाणार होता. नव्या बाईंसाठी मी अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहिली: खोका दाराशी ठेवा, गृहपाठ घंटेआधी सांगा, गणिताचं 'विसरलो' ऐकलं तर आधी वही बघा. चिठ्ठी बाबूच्या फाईलमध्ये ठेवावी असं क्षणभर मनात आलं. मग स्वतःच जाऊन देऊन आले.